कंप्लेंट : मुलीचं लग्न

महेबूबभाई गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. ती लागली अर्धापूरच्या एका केळीवाल्या गिऱ्हाइकामुळं, आणि तीही भांडल्यासारखी. सकाळी सव्वाअकराला दुकानातला फोन वाजला. "अप्पा, महेबूबभाई अकराला येतो म्हणले होते. सव्वाअकरा झाले." मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, "अहो, पंधरा मिनिटांनी काय आभाळ फाटून राहिलं का? रस्त्यात ट्रक आडवा पडला असंल." तर तो माणूस थंडपणे म्हणाला, "न्हाई अप्पा. हा माणूस अकरा म्हणला अन् सव्वाअकराला आला, असं आजवर झालं न्हाई. फोन वाजून राहिला, कोणी उचलंना. तुम्ही घरी जाऊन बघा." मी गाडी काढली. महेबूबभाईंना, अर्धापूरवाल्याला, रस्त्यातल्या खड्ड्यांना, सगळ्यांना शिव्या घालत त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो, आणि गल्लीच्या तोंडाशी मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या... पहाटेची नमाज पढून ते घरी आले होते, "जरा पडतो" म्हणाले होते, आणि उठलेच नव्हते. घरात आकांत चाललेला, मला फोन करायचं कुणाला सुचणार? पण काहीतरी झालंय हे माझ्याआधी त्यांच्या गिऱ्हाइकानं ओळखलं, याचा मला त्या दिवशी राग आला होता. आता येत नाही.

या गोष्टीला सहा-सात आठवडे झाले. मी दुकानदार माणूस, लिहिण्याचा आणि माझा संबंध गॅरंटी कार्डापुरता. पण महेबूबभाईंवर कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि आयुष्यात त्यांच्यावर सगळ्यात जास्त ओरडलेला माणूस मी, म्हणून हक्कही माझाच. मी मूळचा उदगीरचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नांदेडला आलो आणि वजिराबादेत टीव्ही-फ्रिजचं दुकान टाकलं. एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली, पुढं दोन वर्षांनी दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर सुरू झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी माझ्या सख्ख्या भावाची केली नाही, तर कंपनीची कशाला करू? माझा स्वभाव तापट. दुकानातली माणसं मला माघारी 'कुकर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आणि त्या सेंटरचे मिस्त्री म्हणजे महेबूबभाई. कंपनीच्या कागदावर ते 'सीनियर टेक्निशियन' होते, पण नांदेडात त्या नावानं त्यांना त्यांच्या घरच्यांनीही ओळखलं नसतं.

उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, आणि बोलणं इतकं हळू की मला नेहमी दोनदा विचारावं लागायचं. त्यांची काम करायची एक रीत होती. एखाद्या घरी गेले की चप्पल बाहेर, आणि पहिलं वाक्य, "माय, गलासभर पाणी द्या." तहान असो-नसो. पाणी पिऊन झालं की पिशवीतून स्वतःची धुतलेली चादर काढायची, ती फरशीवर अंथरायची, आणि त्या चादरीवर टीव्हीचं पोट उघडायचं, म्हणजे घरात कचरा नाही. दुरुस्ती झाली तरी उठायचे नाहीत. घरच्यांबरोबर बसून जी काही मालिका चालू असेल ती पहिली जाहिरात येईपर्यंत बघायचे. मी एकदा भडकलो, "महेबूबभाई, तुम्ही टीव्ही बघायला जाता का दुरुस्त करायला?" तर म्हणाले, "अप्पा, गरम झाल्यावर बिघडतो का ते बघावं लागतं. अन् खरं सांगू का, सून कोण अन् सासू कोण हे कळल्याबिगर मला उठवत न्हाई."

म्हाताऱ्या बायांना रिमोटवरची बटणं कळत नसत, त्याला त्यांनी टिकलीचा उपाय काढला होता. चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली, आवाज वाढवायला हिरवी, आणि जे दाबलं की चित्र गायब होऊन निळा पडदा येतो त्याच्यावर काळी. "काळीला हात लावायचा न्हाई, माय." घरातल्या शिकलेल्या पोराला ते काही समजावून सांगत नसत. दिवसभर रिमोट ज्याच्या हातात राहतो त्याला शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी टिकल्यांची पाकिटं. एकदा त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, शर्ट धुवायला काढला आणि खिशातून टिकल्या निघाल्या. पुढं घरात काय तमाशा झाला ते मला कधी पूर्ण कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्यानं आले आणि म्हणाले, "अप्पा, भाभीला एक फोन करा, अन् सांगा का टिकल्या कामाच्या हायत." मी फोन केला. भाभींचा माझ्यावर विश्वास बसायला आठवडा लागला.

आता 'कंप्लेंट' या शब्दाचं सांगतो, कारण सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. इंग्रजीत त्याचा अर्थ तक्रार. आमच्या धंद्यात तसा नाही. मिस्त्रीनं जिथं जायचं ते घर म्हणजे कंप्लेंट. "आज किती कंप्लेंटा?" "सहा. दोन सिडकोत, एक कंधारला..." असं आमचं बोलणं. ते ऐकून ऐकून गिऱ्हाईकही तसंच बोलायला लागलं. नवा टीव्ही भिंतीला लावून द्यायचा, कंप्लेंट. पोरानं चॅनेल हलवले, कंप्लेंट. एका बाईनं फोन केला होता, "आम्ही चार दिवस माहूरला देवीला निघालो, फ्रिज चालू ठेवू का बंद करू? कंप्लेंट लिहून घ्या." महेबूबभाई जाऊन फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवून आले. आणि गेले ते गेले, वर कॉम्प्युटरात लिहिलं. कंपनीनं कॉम्प्युटरात एक रजिस्टर दिलं होतं, त्यात मिस्त्री बाहेर पडला की नोंद करायची आणि काम झालं की ती बंद करायची. महेबूबभाई मराठीतून, दोन बोटांनी टाइप करून, प्रत्येक फेरी लिहायचे. मी कितीदा सांगितलं, "अहो, बिघाड असंल तेवढंच लिहा की! फुकटच्या फेऱ्या कशाला?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "माणसानं बोलावलं, आपण गेलो. गेलो तर लिहायचं. न लिहिता फिरलो तर कंपनी म्हणंल, महेबूब कुठं फिरून राहिला?"

मग, दहाएक वर्षांपूर्वी, पुण्याहून पत्र आलं. मराठवाड्यातल्या सगळ्या सेंटरांत नांदेडच्या 'तक्रारी' सर्वांत जास्त. लातूरच्या कितीतरी पट. एकाच घरातून वर्षाला आठ-आठ, दहा-दहा तक्रारी. सबब नांदेडचं काम असमाधानकारक असून सेंटर बंद करण्याचं विचाराधीन आहे, यापुढं नांदेडचं काम लातूरहून पाहिलं जाईल, आणि अंतिम निर्णयाआधी एक अधिकारी येऊन तपासणी करतील. तपासणी नावापुरती, हे मला वाक्यावाक्यात दिसत होतं. सेंटर जाणार म्हणजे महेबूबभाईंची नोकरी जाणार, हे तर झालंच. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसावर 'काम वाईट केलं' हा शिक्का बसणार होता, आणि तोही कुणावर, तर नांदेड जिल्ह्यात ज्याच्या हाताला नाव ठेवणारा एक माणूस सापडला नसता त्याच्यावर! आणि सेंटर जाणार कुठं, तर लातूरला. माझी सासुरवाडी लातूर आहे, तरी सांगतो, नांदेडच्या माणसाला यापरतं कडू औषध नाही. त्यात माझ्या दुकानासमोर दुसऱ्या कंपनीचं दुकान. तिथल्या शेठला कुठून सुगावा लागला कोण जाणे, त्यानं चार दिवसांत गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "त्यांच्याकडं घेऊ नका, त्यांचा मिस्त्री चालला." मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याच्याशी भांडलो, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

पण खरा राग महेबूबभाईंवर निघाला. मी पत्र त्यांच्यासमोर आपटलं. "बघा! तुमच्या दोन बोटांची करणी! स्वतःच्या हातानं स्वतःवर तक्रारी लिहिल्या तुम्ही!" त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. मी म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही. अधिकारी यायला दोन दिवस आहेत. कॉम्प्युटरात 'चुकून नोंद झाली' असं म्हणून जुन्या नोंदी रद्द करता येतात. बसा आणि सगळ्या फुकटच्या फेऱ्या रद्द करून टाका. ते म्हणाले, "पण अप्पा, चुकून कुठं झाली? गेलो होतो की मी." मी म्हणालो, "अहो, गेला होता हे मला माहीत आहे, पण पुण्याला काय माहीत?" ते म्हणाले, "मग पुण्याला सांगावं लागंल. खोडून कसं चालंल? त्या माणसांनी बोलावलं होतं. मी खोडलं तर त्यांनी बोलावलंच न्हाई असं व्हतं." मी म्हणालो, "मर मग!" हो, तसंच म्हणालो, एकेरीत. खोटं कशाला लिहू? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते रोजच्यासारखे कंप्लेंटांना जात राहिले, आणि आल्यावर लिहीत राहिले.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. तिशीच्या, पुण्याच्या, हातात लॅपटॉप, सोबत स्वतःची पाण्याची बाटली, डोळ्यांत निकाल आधीच लागलेला. दुकानात बसून त्यांनी नोंदी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता थांबल्या. चष्मा वर केला. मग मोठ्यानं वाचलं, "ग्राहकाचं गाव, कंधार. कंप्लेंट, मुलीचं लग्न. केलेली कारवाई, हजर राहिलो, जेवण केलं. तक्रारीचं निवारण झालं का? हो." मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी, दुकान, कॉम्प्युटर, सगळ्यांनी एकदम आत जावं. मॅडमना हसावं का चिडावं कळेना. "हे काय आहे?" महेबूबभाई म्हणाले, "कंधारच्या मावशी हायत, मॅडम. लेकीच्या लग्नाला फोन केला, म्हणल्या कंप्लेंट लिहून घ्या, विसरू नका. मी लिहिलं. आंदणाचा टीव्हीबी आपल्याच कंपनीचा होता, तो गाडीत नीट बांधून दिला. ते लिहायचं राहिलं. मपली चूक झाली." मॅडमनी लॅपटॉप मिटायला घेतला. तेव्हा या माणसानं, ज्याचा आवाज मला दोनदा विचारल्याशिवाय ऐकू यायचा नाही, त्यानं स्पष्ट सांगितलं, "मॅडम, कागद तुमच्याकडं हायत. घरं माझ्याकडं हायत. सगळ्यात जास्त कंप्लेंटा ज्यांच्या, त्यांच्या घरी चला. त्यांनी एक शब्द वाईट सांगितला तर मी उद्यापासून येत न्हाई." मी कपाळाला हात लावला. पण मॅडम उठल्या.

पहिलं घर अर्धापूरचं, तेच केळीवाल्याचं. गाडीतून उतरलो तर घरातून म्हातारी पाण्याचा गलास घेऊनच बाहेर आली. मॅडमनी यादी काढली. या घराच्या त्या वर्षी अकरा तक्रारी. "एवढा त्रास होतो तुम्हाला आमच्या टीव्हीचा?" केळीवाला गोंधळला. "त्रास? त्रास कसला?" "मग अकरा तक्रारी?" "अहो मॅडम, तक्रार कोण करून राहिलं? आम्ही मिस्त्रीला बोलावलं!" मॅडमनी घरात नजर फिरवली. टीव्ही आमचा. फ्रिज आमचा. मागल्या पडवीत कपड्याचं मशीन, तेही आमचं. वर माडीवर दुसरा टीव्ही. शेजारच्या भावाच्या घरात तोच सगळा संच. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मिळाले असते की." केळीवाला जे बोलला ते मी त्या दिवसापासून दुकानात शंभरदा वापरलं आहे, तो म्हणाला, "स्वस्त हाय हो. पण बिघडला तर बोलवायचं कुणाला? जाहिरातीत नाचणाऱ्या त्या हिरोला? तो येतो का अर्धापूरला?" मॅडम प्रथमच हसल्या. मी मात्र हसलो नाही. मी उभ्या उभ्या मनातल्या मनात माझी गिऱ्हाइकं आठवत होतो. ज्यांच्या कंप्लेंटा जास्त, तीच माणसं पुन्हा पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढली होती. तीच भावाला, व्याह्याला, शेजाऱ्याला घेऊन आली होती. इतकी वर्षं मी समजत होतो की दुकान माझ्या तोंडावर चालतं!

मग कंधार. लग्नवाल्या मावशी किल्ल्याच्या बाजूला राहतात, नवरा मास्तर होते, ते वारल्यावर एकट्या. मॅडम आत आल्या तर मावशींनी आधी त्यांना बसवलं, मग रिमोट हातात घेऊन आपली विद्या दाखवली. "ही लाल, ही हिरवी, अन् काळीला हात लावायचा न्हाई." मॅडमनी रिमोट उलटासुलटा करून बघितला, त्याचा फोटो घेतला. मावशींना कुणीतरी सांगितलं होतं की महेबूबभाईंची नोकरी चाललीय. त्या मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, तू मोठी असशील. पण मास्तर गेल्यावर महिनाभर मी टीव्ही लावला न्हाई. घरात आवाज नको वाटायचा. हा माणूस आला, म्हणला, माय, बंद ठेवला तर बिघडतो, रोज संध्याकाळी अर्धा तास तरी लावायचा. तो बिघडत न्हाई, मला कळत न्हाई का? मी पोथी वाचणारी बाई हाय. पण मी लावला..." महेबूबभाई दाराबाहेर काढलेल्या आपल्या चपलेकडं बघत उभे होते. मॅडमनी आपली बाटली पर्समध्ये ठेवली आणि मावशींनी दिलेलं पाणी प्यायल्या.

माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण मी म्हणालो, "मॅडम, नांदेडचं पाहिलं. आता लातूरच्या तक्रारी एवढ्या कमी कशा, तेही बघा की! माझा साडू तिथंच राहतो, आपल्याच कंपनीचा टीव्ही आहे त्याच्याकडं." मॅडमना दुसऱ्या दिवशी लातूरवरूनच पुण्याला जायचं होतं. त्यांच्याच गाडीत आम्ही तिघं निघालो. साडूच्या दारात मॅडमनी विचारलं, "तुमच्या नावावर दोन वर्षांत एकही तक्रार नाही. म्हणजे तुम्ही समाधानी?" साडू म्हणाला, "लई समाधानी! या, दाखवतो." आणि त्यानं आम्हाला कोठीच्या खोलीत नेलं. आमच्या कंपनीचा टीव्ही तिथं पाठीवर आडवा पडलेला, त्याच्यावर लोणच्याची बरणी. पुढच्या खोलीत दुसऱ्याच कंपनीचा नवा टीव्ही. "दोनदा फोन केला, कुणी आलं न्हाई. तिसऱ्यांदा फोन केला न्हाई, सरळ दुसरा आणला. तक्रार कोण करतं मॅडम? ज्याला अजून आशा असते तो." मी ओरडलो, "मग मला का नाही सांगितलं?" तर घरातून माझी मेव्हणी म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आमच्यावरच ओरडला असता." मॅडमनी कोठीच्या उंबऱ्यावरून त्या बरणीचा फोटो घेतला. तोवर महेबूबभाईंनी गलासभर पाणी मागून घेतलं होतं, बरणी उचलून बाजूला ठेवली होती आणि चादर अंथरली होती. अर्ध्या तासात टीव्ही बोलायला लागला. साडूकडं जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक जण म्हणाला, "मिस्त्री, आमच्याकडंबी एक पडून हाय." मग दुसरा, मग तिसरा... मॅडम पुण्याला उशिरा पोचल्या, कारण आमचे मिस्त्री त्या गल्लीतून लवकर सुटलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नांदेडचं सेंटर नांदेडातच राहील. आणि कॉम्प्युटरातल्या रजिस्टरात दोन रकाने झाले, एक बिघाडाचा, एक 'ग्राहकभेटी'चा. आमच्या महेबूबभाईंच्या दोन बोटांनी पुण्याच्या कंपनीचं रजिस्टर बदललं, महाराज! मी पेढे आणले, आणि समोरच्या शेठला दिसतील असे दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाटले. महेबूबभाईंच्या हातात पेढा ठेवताना म्हणालो, "माझं चुकलं. त्या दिवशी मी वाईट बोललो." ते म्हणाले, "काय म्हणले होते तुम्ही? मला तर ऐकूच आलं न्हाई." इतका हळू बोलणारा माणूस, आणि कानानं इतका सोयीचा!

त्याच्याही पुढची मजा सांगायलाच हवी. कंपनीनं लातूरच्या एका हॉटेलात सगळ्या सेंटरांच्या मिस्त्र्यांना बोलावलं, आणि शिकवायला कोण, तर महेबूबभाई! लातूरला हलवायला निघाले होते ना नांदेडचं सेंटर? मी मुद्दाम नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. पडदा, माइक, सगळा थाट. महेबूबभाईंनी माइक बाजूला सारला आणि सांगितलं, "दारात गेलं का आधी पाणी मागा. ज्या घरचं पाणी प्यालं त्या घरचं काम वाईट करता येत न्हाई." मागून एक लातूरचा मिस्त्री उठला, "महेबूबभाई, आमच्या लातुरात पाणी मागायचं म्हंजे लई अवघड हो!" सगळा हॉल हसून लोळला. महेबूबभाई शांतपणे म्हणाले, "मग अर्धा गलास मागा." पुढची सगळी वर्षं लातूरच्या मिस्त्र्यांत 'अर्धा गलास' हा परवलीचा शब्द होता. मयतीला त्यातले अकरा जण आले होते. मी मोजले.

परवा महेबूबभाईंचा चाळिसावा झाला. जेवणं झाल्यावर मी निघालो, तर शमीमभाभींनी आतून निरोप पाठवला, भाईजानना आत बोलवा. इतक्या वर्षांत दर ईदेला शीरखुर्मा खायला मी त्या घरी गेलो, पण बाहेरच्या बैठकीत बसायचो, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. भाभी म्हणाल्या, "भाईजान, हे गेल्यापासून टीव्ही लावलाच न्हवता. आज लावला तर चित्र येईना. कुणाला सांगू?" मी म्हणालो, "कुणाला म्हणजे काय भाभी? मी मेलो का? आत्ता माणूस बोलावतो, नाहीतर आपल्या कंपनीचा नवा..." आणि बोलता बोलता मी टीव्हीकडं बघितलं. आमच्या कंपनीचा नव्हता! तो होता समोरच्या शेठच्या कंपनीचा. ज्या कंपनीविरुद्ध मी सव्वीस वर्षं या माणसाच्या जिवावर लढलो, तिचा टीव्ही त्याच्याच घरात!

भाभी अवघडल्या. मग सांगायला लागल्या. लग्न झालं तेव्हा महेबूबभाई रंगकाम करायचे, भिंती रंगवायचे. पैसे साठवून एक छोटा टीव्ही घेतला, तो त्या कंपनीचा. सारखा बिघडायचा. पण त्या कंपनीचे एक म्हातारे मिस्त्री होते, बोलावलं की सायकलवर यायचे. एकदा भर पावसात आले, काम झाल्यावरही बसून राहिले, म्हणाले, गरम झाल्यावर बिघडतो का ते बघतो. "ते गेल्यावर हे मला म्हणले, शमीम, मला हे काम शिकायचंय. त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढं तुमच्या कंपनीत लागल्यावर मी म्हणलं, आता तुमच्याच कंपनीचा आणू, लोक काय म्हणतील? तर म्हणले, लोक काही म्हणोत. ते मिस्त्री आपल्या दारात आले होते. घरात टीव्ही राहील तर त्यांच्याच कंपनीचा. हा तिसरा हाय, भाईजान. तिन्ही त्यांचेच. तुम्हाला सांगायला घाबरायचे, अप्पा चिडतील म्हणून..."

मी चिडलो नाही. मी इतका मोठ्यानं हसलो की चाळिसाव्याच्या घरात बाहेर बसलेली माणसं धावत आत आली, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते आवरेना. "भाभी, मी उद्या नवा पाठवतो, आमचा," मी म्हणालो. भाभींनी मान हलवली. "न्हाई भाईजान. हाच दुरुस्त करून द्या." आयुष्यात पहिल्यांदा हातचं गिऱ्हाईक गेलं आणि मला आनंद झाला. मी तिथंच उभं राहून समोरच्या शेठला फोन लावला. दहा वर्षांनी. तो दबकत म्हणाला, "कोण... अप्पा?"

"हाव. कंप्लेंट लिहून घे."

"आमच्याकडं? तुम्ही कंप्लेंट देऊन राहिले?"

"मीच. घर महेबूबभाईंचं. टीव्ही तुमच्या कंपनीचा हाय, अन् पहिल्यापासून तुमच्याच कंपनीचा होता. माणूस चांगला पाठव."

मग शेठ म्हणाला, "मिस्त्रीला घेऊन मीच येतो, अप्पा."